ढगावरची हिरवी टिक

लॅबच्या वळणावर आम्ही धाडकन एकमेकांवर आपटलो... आणि प्रीतमच्या हातात माझा टॅब! मागे माझं खेकड्याचं स्टिकर. चुकायचा प्रश्नच नाही.

"चोर!"

"हळू ना, रुतिका... आत सर आहेत."

प्रीतम म्हणजे आमच्या वर्गाचा टॅब-मॉनिटर. शाळा सुटताना सगळे टॅब चार्जिंगच्या कपाटात ठेवायचं काम त्याचं. आणि मागच्याच आठवड्यात माझे सारसोळे जेट्टीचे सगळे फोटो गायब झाले होते! आता संशय कोणावर घ्यायचा, सांगा.

पण फोटो पुन्हा काढता येतात. आज टॅबमध्ये होता कमळीआत्याने गायलेला धवला, म्हणजे आमचं लग्नातलं गाणं, दादाच्या हळदीत रेकॉर्ड केलेलं. प्रोजेक्टसाठी परत गा म्हटलं तर आत्या हात झटकते, "लगीन नाय तं धवला कशाला गावाचा?" आणि घरातलं पुढचं लग्न थेट माझं. म्हणजे बसा वाट बघत!

"उडवलंस ना?" माझा आवाज चिरकलाच.

"तू सेव्ह दाबतेस आणि पळतेस. ते राहतं नुसतं टॅबमध्ये. कपाटात गेला की शाळेचं सेटिंग तुला लॉगआउट करतं, आतलं सगळं साफ. फोटो तसेच गेले, मॅडम."

"मग?"

"मग शाळेच्या अकाउंटवर चढवायचं. वर्गात नेट रांगतं, म्हणून इथे लॅबच्या वायफायजवळ आणला. स्क्रीनवरच्या या ढगावर हिरवी टिक आली की टॅब फुटला तरी धवला सेफ."

"हं... आणि बाकीच्यांचे टॅबपण असेच फिरवून आणतोस?"

त्याचे कान लालेलाल. "त्यांना... तोंडी सांगतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू थांबतेस कुठे?"

थांबले. खांद्याला खांदा लागेल न लागेल असे उभे राहिलो. खिडकीतून खाडीचा खारट वारा येत होता, केस सारखे त्याच्या बाहीवर... मी उगाच धवला गुणगुणत होते.

"फारच स्लो आहे."

"हो ना," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन.

मी खाली पाहिलं. त्याचा अंगठा स्क्रीनच्या कोपऱ्यावर. मघापासून तिथेच!

"अंगठा काढ."

"कशाला?"

"काढ म्हणते ना!"

काढला. खाली ढग, ढगावर टिक. हिरवीगार.

"कधी आली?"

"तू गुणगुणायला लागलीस तेव्हाच... मग वाटलं, टिक दिसली की तू पळशील."

"चोर," मी म्हणाले. या वेळी हळू. "उद्या नवीन रेकॉर्डिंग आणते. मोठ्ठं."

"किती मोठं?"

"टिक लवकर येणार नाही एवढं."