दोन डोरली

मंगळवारी सकाळी अकरा वाजता यवतमाळच्या एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये आर्णीच्या पंचफुलाबाईंच्या डोक्याचा एमआरआय झाला. फोटो उत्तम आले.

पंचफुलाबाई पासष्टीच्या. सारखं डोकं दुखायचं म्हणून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये मेंदूत डाग दिसला होता. तो वाढला असेल तर नागपूरला ऑपरेशन, तेही लगेच. इकडे धाकट्या मुलीचं, उर्वशीचं लग्न तोंडावर. पोरीच्या वरातीत नाचायला मिळणार की नाही, एवढाच बाईंचा प्रश्न होता.

मशीन चालवणाऱ्या भैरवीने नेहमीच्या सूचना दिल्या. आत मोठं चुंबक आहे, अंगावर धातू नको. आवाज होईल, घाबरायचं नाही. डोकं मात्र हलवायचं नाही. हललं की फोटो पुसट येतो.

बाईंनी केसांतल्या पिना काढल्या, कवळीही काढून दिली. डोरलं आणि जोडवी म्हटल्यावर त्या खुर्चीत मागे सरकल्या.

"ते नाही निघत."

"मावशी, या वाटीत ठेवते. तुमच्या समोर."

"वाटीले घालू का माह्यं डोरलं? बुढा समोर जित्ता बसला ना!"

"घाल ना वाटीले," त्यांचे यजमान उकंडाजी म्हणाले. "पाहू तं खरं, मले काय होते."

"तुमाले काहीच होत नाही, हेच तं दुखणं हाय."

बाकावरचे बाकीचे पेशंटही हसले. मग बाईंनी घरची रीत सांगितली. सौभाग्याचं लेणं नुसतं ठेवायचं नाही. उतरवावंच लागलं तर दुसऱ्या सवाशिणीच्या अंगावर ठेवायचं. तिशीतली थोरली सून कौसल्या सोबत होती. बाईंनी आपलं डोरलं तिच्या डोरल्यावर घातलं, जोडवी तिच्या बोटांत सरकवली.

"घे. आता मी येतवर तू सासू."

"मंग चहा मांडा ना आत्याबाई, चटकन," कौसल्या म्हणाली. बाई हसतहसतच आत गेल्या.

मशीन सुरू झालं. काचेतून भैरवीला बाईंचे पाय ठेका धरताना दिसत होते. स्पीकरमधून लग्नाचं गाणं ऐकू येत होतं. गाण्यासोबत डोकंही डोलत होतं.

"मावशी, हलू नका. डोळे मिटा."

"हो माय," बाई म्हणाल्या आणि पुढचं कडवं धरलं.

सगळं पुन्हा काढावं लागणार, असं भैरवीने गृहीत धरलं. पडद्यावरचे फोटो मात्र लख्ख होते. एकही रेघ पुसट नव्हती.

"झालं मावशी. ऐकू येतंय तर हात वर करा."

बाई गातच होत्या.

भैरवीने दार उघडलं. उकंडाजी सुनेसमोर उभे होते. कौसल्या बाकावर ताठ बसली होती. डोळे मिटलेले, एक हात वर.

"केव्हाची अशीच बसून हाय," उकंडाजी म्हणाले. "हाक मारली तं म्हणते, हलू नका म्हटलं मॅडमनं."

"हात कायले वर केला वं?" पंचफुलाबाईंनी बाहेर येऊन विचारलं.

कौसल्याने डोळे उघडले. "या मॅडमनंच तं सांगितलं."

त्या दारातून धडधडीशिवाय काही बाहेर येत नाही. सगळे हसले. भैरवीही हसली.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉ. सुचित्रांचा फोन आला. डाग कुठेच नव्हता.

"भैरवी, पेशंट तीच ना? हा मेंदू तिशीतला वाटतो."

त्या दिवशी सेंटरमध्ये दुसरी कोणी बाई तपासली गेली नव्हती.

आर्णीला वरात निघाली तेव्हा पंचफुलाबाई बँडच्या पुढे होत्या. त्यांनी विहिणीला नाचवलं, शेवटी बँडवाल्यालाही नाचवलं. सेंटरवर पेढे आले.

लग्नानंतर डॉ. सुचित्रांनी स्कॅन पुन्हा करायला लावला. या वेळी कौसल्या घरीच होती आणि डोरलं-जोडवी उतरवण्याबाबत भैरवी ऐकणार नव्हती.

"पोरीच्या लग्नात नाचली ना पोटभर?" उकंडाजी म्हणाले. "आता डॉक्टरीनबाईचं आईक."

बाई खुशीत होत्या. त्यांनी डोरलं आणि जोडवी स्वतःच वाटीत ठेवली.

रोजच्याप्रमाणे भैरवीने आधी चाचणीची पाण्याची बाटली ठेवून मशीन तपासलं. बाटलीचा गोल स्वच्छ उमटला. मग बाई आत गेल्या. गाणं नाही, ठेका नाही.

पडदा काळा.

भैरवीने जोडण्या पाहिल्या, पुन्हा सुरू केलं. काळा.

बाईंना उतरवून बाटली ठेवली. गोल स्वच्छ आला.

पुन्हा बाई. पडद्यावर डोक्याच्या जागी काहीच नव्हतं. भोवतालची हवा दिसते तसंच.

"झालं काय वं?" स्पीकरमधून बाईंचा आवाज आला.

त्या बाहेर आल्या, डोरलं गळ्यात घातलं आणि हसल्या.

"या बारीले तं जराशीही हलली नाही मी. बेस आला असन फोटो."

भैरवी हो म्हणाली.

पंचफुलाबाईंचं डोकं त्यानंतर दुखलेलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळचे फोटो पाहिले आहेत. त्यांनी ऑपरेशन रद्दही केलेलं नाही, तारीखही दिलेली नाही. कौसल्याला कसलाच त्रास नाही, तरी तिलाही सेंटरवर तपासणीला बोलावलं आहे. ती फोनवर आनंदाने हो म्हणाली. तिने फक्त एवढंच विचारलं, की तिचा फोटो काढताना आत्याबाईंना बाहेर बसवायचं, की आत झोपवायचं.