चार नंबरच्या टाकीतली ओळ

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला पटवायला लिहीत नाही. नाही पटली तर सोडून द्या. पण महिना झाला, ती माझ्या डोक्यातून जात नाही.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. मार्चमधला रविवार, भर दुपार, आणि जागा कुरकुंभ एमआयडीसीतली एक केमिकल कंपनी. नाव विचारू नका. मला अजून तिथेच नोकरी करायची आहे.

मी वैष्णवी. गाव निमोणे, तालुका शिरूर. कंपनीतले मीटर आणि त्यांचे कॉम्प्युटर मी बघते. माझे सख्खे ईश्वरमामा तिथेच ठेकेदाराकडे टाक्या साफ करतात.

या कामाची एक रीत आहे. एक माणूस कमरेला दोर बांधून टाकीत उतरतो. दुसरा वर तोंडाशी बसतो आणि सारखा हाक मारतो, "काय रं?"

आतला ओरडतो, "ठीक हाय."

उत्तर आलं नाही की दोर ओढायचा. विषय संपला.

काही वर्षांपूर्वी चार नंबरच्या टाकीत गेणबा नावाचा कामगार गुदमरून गेला. वर तोंडाशी होते आमच्या गावचे साहेबराव. डॉक्टर म्हणाले, याला जाऊन बराच वेळ झालाय. साहेबराव मात्र रडत रडत एकच सांगत होते...

"मी इचारत व्हतो. आन् त्यो जवाब देत व्हता. पार शेवटपतूर."

लोक म्हणाले, डोळा लागला असेल, आता थापा मारतोय. त्यांना कामावरून काढलं. मलाही ती थापच वाटली. मेलेला माणूस उत्तर देतो होय?

तर त्याच टाकीत आता मामांना उतरायचं होतं. सवितामामीचा फोन आला. "वैशे, तुझ्या त्या कॉम्प्युटरचं कायतरी कर बाई. ह्यांना चार नंबरात धाडत्यात. मला जेवान जाईना."

म्हणून मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. टाकीत ऑक्सिजनचा मीटर लटकवायचा, त्याची वायर कंट्रोल रूमपर्यंत आणायची, आणि स्क्रीनवर एका काळ्या खिडकीत आकडे ओळीओळीने उमटत राहतील.

पहिल्यांदा खिडकी नुसती गोठायची. काळ्याची पांढरीफटक व्हायची. कारण मीटरची वाट बघणारा आणि खिडकी हलती ठेवणारा एकच होता. मग मी काम वाटून दिलं. वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचाच दुसरा हात, मीटर वाचणार आणि ओळ रांगेत ठेवणार. खिडकी ती रांगेतून उचलून दाखवणार. एकीने भाकरी थापायची, दुसरीने वाढायची, तसं. मीटर बंद पडला तर लाल अक्षरात ओळ येणार, 'संपर्क तुटला'.

झकास चाललं होतं. मी जाम खूश होते.

रविवारी मामा उतरले. तोंडाशी भारत नावाचा पोरगेला कामगार बसला होता. आमच्या सुपरवायझरने त्याला उठवून पंपावर पाठवलं.

"सर, वर माणूस असू द्या," मी म्हणाले.

"स्क्रीनवर दिसतंय की सगळं. मग हे बनवलं कशाला?"

भारत गेला.

खिडकीत ऑक्सिजनच्या टक्क्यांच्या ओळी येत होत्या, बाहेरच्या हवेइतक्याच. २०.८. २०.८. २०.७.

तेवढ्यात मामीचा फोन.

"उतरलं का गं?"

"उतरले. समोर दिसतंय मला. काही काळजी करू नका," मी म्हणाले. मामी बोलत राहिल्या. मी हं हं करत स्क्रीनकडे बघत होते...

आकडे दिसत नव्हते.

फक्त शब्द.

ठीक हाय.

ठीक हाय.

ठीक हाय.

मला आधी राग आला. कुणी चावटपणा केला म्हणून. मी फोन ठेवला आणि अख्खा प्रोग्रॅम धुंडाळला. ते शब्द कुठेच नव्हते.

थ्रेड तपासला... बंद.

रांग तपासली... रिकामी.

मी खिडकी वर सरकवली. तिथे, बरीच वर, ती लाल ओळ होती. 'संपर्क तुटला.' ती कधीच येऊन गेली होती. नंतरच्या ओळींनी तिला वर ढकलत ढकलत नजरेआड केलं होतं.

मी मीटरची वायर कॉम्प्युटरमधून उपटली.

खिडकीत आणखी एक ओळ आली.

ठीक हाय.

मी पळाले. चपला कुठे पडल्या ते कळलं नाही. ओरडत होते, "भारत! दोर ओढ! मामांना काढ!"

टाकीच्या तोंडातून मी वाकून हाक मारली. आत बॅटरी पेटलेली होती. मामा तळाशी पडले होते. हलत नव्हते.

आणि तरी आतून आवाज आला. शांत. मामांचा नसलेला.

"ठीक हाय."

भारत पंपावरून धावत आला होता, त्यानेही तो ऐकला. त्याचा चेहरा मी बघितलाय.

तो, मी आणि पंपावरचे दोघं, असे आम्ही दोर ओढायला लागलो. मामा म्हणजे काडी. एरवी एकटा भारत त्यांना उचलेल. पण दोर तसूभर हलेना.

"अडकलंय का कुठं?" मी ओरडले.

"न्हाई ताई. मोकळा हाय. जड लागतंय... लई जड."

मी रडायला लागले. खाली तोंड करून म्हणाले, "सोडा त्यांना. पाया पडते. माझे मामा आहेत."

दोर एकदम हलका झाला. आम्ही सगळे मागे पडलो.

मामा वर आले. श्वास होता. अगदी थोडा, पण होता.

दौंडच्या दवाखान्यात संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. मामी उशाशी होत्या. मामांनी आधी खोलीभर नजर फिरवली. कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

मग मला म्हणाले, "वैशे, त्याला काढला का?"

"कुणाला मामा?"

"माझा हात धरून बसला व्हता त्यो. म्हनला, मला बी ने. लई दिस झालं, वरनं कुनी वढंना. मी त्याला जबान दिली."

मामींनी माझ्याकडे बघितलं.

"हो मामा," मी म्हणाले. "काढलं त्यालाही."

"बरं झालं," म्हणाले, आणि झोपले.

चार नंबरच्या टाकीचं झाकण आम्ही दुपारीच बसवलं होतं. सगळे बोल्ट मी समोर उभं राहून आवळून घेतले होते.