उसनं अक्षर

साल २०१८. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. गारखेड्यातल्या एका छापखान्यात नीरजा मैत्रिणीच्या लग्नपत्रिका घेऊन बसली होती, पाकिटांवर नावं लिहीत. समोर कॉम्प्युटरवर मिहिर. त्याचं काम फॉन्ट बनवायचं. पण सकाळपासून त्याची नजर पडद्यावर कमी आणि तिच्या बोटांवर जास्त.

"तुम्ही पेन उचलतच नाही का?"

"उचललं की लय तुटते," ती मान वर न करता म्हणाली.

शिरोरेघ ती देतच नसे. एका अक्षराची शेपटी पुढच्याच्या कानात अडके, आणि नाव वेलीसारखं पुढं सरके.

"याचा फॉन्ट करू?"

मग रोज संध्याकाळी एक कागद. प्रत्येक अक्षर तीन तऱ्हांनी. 'म' दोनदा अगदी सारखा आला तर हातचा वाटत नाही, असं तो म्हणे. 'क'चा जोड नीट बसेना म्हणून बोलावणं, 'ज्ञ' बिघडला म्हणून बोलावणं... छपाईयंत्र चालवणारे कडुबामामा हसायचे. "ताई, बाराखडी कवाच संपली. ह्यो आता नसलेली अक्षरं मागायलाय."

फॉन्ट निघाला. साखरपुडा, बारसं, मेंदीचे क्लास, साड्यांच्या दुकानांच्या पाट्या — सगळीकडं नीरजाचं अक्षर. एकदा कुणीतरी दशक्रियेची पत्रिकाही त्यातच लावली. मिहिरनं ती छापू दिली नाही. "हे अक्षर हसतं," तो म्हणाला. ती नुसतीच लाजली.

पुढचं मात्र दोघंही बोलेनात. तेवढ्यात वैजापूरचं स्थळ आलं. रविवारी तिचे वडील अनंतराव, ज्यांना ती दादा म्हणे, होकार कळवणार होते. शुक्रवारी तिनं ते मिहिरला सांगितलं, आणि शनिवारी सकाळी पाकीट आलं.

'नीरजा, वैजापूरला नाही म्हणशील? मी तुझ्या दादांना भेटायला येतो. — मिहिर.'

पहिल्यांदाच 'तू'... पण अक्षर तिचंच, त्या फॉन्टमधलं. ती तडक छापखान्यात गेली.

"हे काय?"

"माझं अक्षर फार वाईट आहे. म्हटलं, चांगल्या अक्षरात विचारावं."

"आणि दादांना काय दाखवू? ते म्हणतील, पोरीनं स्वतःच लिहिली चिठ्ठी."

मिहिरचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हातानं लिहा. आत्ता. मी बसते."

"तुम्ही हसाल."

"हसेन. लिहा."

तीन कागद फाटले. चौथ्यावर ओळी वाकड्यातिकड्या चालत कशाबशा शेवटाला पोचल्या. नीरजानं वाचलं — आणि थांबली.

"'तू मला फार आवडतेस'... ही ओळ आधी नव्हती."

"तुमच्या अक्षरात ते लिहायचं धाडस झालं नाही."

ती हसली नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, एवढंच.

दुपारी अनंतरावांनी चष्मा पुसून चिठ्ठी दोनदा वाचली. "एवढं वाईट अक्षर घेऊन पुढं आला," ते म्हणाले, "म्हणजे पोरगा खरा आहे." आणि वैजापूरला नकाराचा फोन लावला.

वैजापूरच्या मुलाचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. कापसाच्या व्यापारात त्याचं छान चाललंय. कडुबामामा शेंद्र्याला लेकाकडं राहायला गेले. नीरजा-मिहिर गारखेड्यातच असतात, एकाच टेबलावर काम करतात आणि दुपारच्या चहावरून रोज भांडतात. अनंतराव गेल्या वर्षी गेले. शेवटच्या आजारपणात पेपर वाचून दाखवायला त्यांना लेक चालायची नाही, जावईच लागायचा.