शेवटचं पोर्ट

आमचा क्लास ऑफिस सुटल्यावर भरतो, म्हणजे डोक्याने आधीच राजीनामा दिलेला असतो. वर्गात सगळी पोरं पंचविशीच्या आतली, आणि मी. ती मला ताई म्हणतात. तोंडात आलेलं काकू गिळतात, तेही मला दिसतं.

आम्ही डेटा सेंटरचं नेटवर्क शिकतो. स्विचच्या, म्हणजे केबली जोडायच्या पेट्यांच्या, दोन ओळी. खालचा प्रत्येक स्विच वरच्या प्रत्येकाला जोडलेला, म्हणजे एक केबल तुटली तरी दुसरी वाट मोकळी. या विणीला फॅब्रिक म्हणतात. मला विणकाम शाळेतही जमलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ऑटोमेशन चाललं होतं. आपल्याला नेटवर्क कसं हवंय ते एका फाइलमध्ये लिहायचं, आणि ऑटोमेशनला कामाला लावायचं. ते एकेक स्विच तपासतं, फाइलपेक्षा वेगळं दिसेल ते बदलतं. लगेच दुसऱ्यांदा चालवलं तर बदल शून्य यायला हवेत, कारण सगळं आधीच नीट झालेलं असतं. माझ्या घरातही दुसऱ्यांदा सांगितल्यावर बदल शून्यच असतो, पण त्याची कारणं निराळी. इथे मात्र मला काही केल्या शून्य येईना. एक यायचा. परत चालवलं, परत एक. बाहेर काळोख पडला, पोरं बॅगा भरायला लागली, आणि मी रडकुंडीला आले.

"सर," मी म्हटलं, "स्विचवर जे दिसतंय तेच फाइलमध्ये लिहून टाकते. मग शून्य येईलच ना!"

पोरं हसली. सर हसले नाहीत. वर्षभरात रिटायर होणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस.

"तसं करू नका," ते म्हणाले. "आमच्या साडूंनी केलं होतं. मिटा लॅपटॉप."

चष्मेवाल्या पोरीने प्रोजेक्टर बंद केला. भरलेल्या बॅगा खाली ठेवल्या गेल्या.

सरांचे साडू अशाच एका डेटा सेंटरमध्ये कामाला. सगळी हयात हाताने काम करण्यात गेली. एका स्विचला आज्ञा टाइप करायच्या, मग पुढच्याला. मग नव्या मॅडम आल्या, साडूंच्या मुलीच्या वयाच्या. गोड आवाजात म्हणाल्या, "काका, सोमवारी सकाळी नवा हॉल ऑटोमेशनवर चालवून दाखवा. दुसऱ्यांदा शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर वरच्यांना मी काय सांगू, तुम्हीच सांगा."

काय सांगणार ते साडूंना कळलं. पंचावन्नाव्या वर्षी नवी नोकरी कोण देतंय?

बायको म्हणाली, "इतकी वर्षं यंत्रांना हुकूम सोडलेत, आता जरा त्यांचं ऐका."

म्हणून साडू शनिवारी रात्री डबा घेऊन हॉलमध्ये गेले. दाराबाहेर वॉचमन. आत साडू, रॅकच्या रांगा आणि पंख्यांची घरघर.

"अमावस्या होती का, सर?" चष्मेवालीने विचारलं.

"साडूंना बॅकअपचं वेळापत्रक पाठ होतं, चंद्राचं नाही. सव्वा वाजला होता, एवढं सांगतात."

पहिल्यांदा चालवलं, धडाधड बदल झाले. छान. दुसऱ्यांदा चालवलं. बदल, एक. खालच्या ओळीतला शेवटचा स्विच, त्यावरचं शेवटचं पोर्ट, म्हणजे केबल खोचायचं भोक. फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की न वापरलेली पोर्टं बंद ठेवा. हे उघडं सापडलं, म्हणून बंद केलं. ठीक. परत चालवलं. उघडं सापडलं, बंद केलं. परत. उघडं सापडलं.

एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी या फाइली नव्या सुनेसारख्या रुसतात. साडूंनी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. चूक नाही. कोणीतरी घरी बसून चेष्टा करतंय म्हणावं, तर आत फक्त साडूंचं लॉगिन. पासवर्ड बदलला. परत चालवलं. एक.

"साडू देवमाणूस," सर म्हणाले, "पण त्या रात्री त्यांनी त्या स्विचच्या सात पिढ्यांचा उद्धार केला."

"स्विचला कुठे पिढ्या असतात?" मी विचारलं.

"दर तीन-चार वर्षांनी नवी येते की!"

हसू आलं आणि विरलं. सरांनी खुर्ची पुढे ओढली.

मग हळूच म्हणाले, "साडू लॅपटॉप घेऊन त्या रॅकसमोर जाऊन उभे राहिले."

पोर्ट स्वतःच्या हाताने बंद केलं. वरचा दिवा विझला. साडू बघत राहिले. पापणी न लवता.

बंद.

बंद...

हिरवा.

रॅकच्या मागे जाऊन पाहिलं. कोणी नाही. दार उघडून वॉचमनला विचारलं, कोणी आत आलं का? "साहेब, मी जागचा हललो नाही."

परत आले. खाली बसले. डोळे चुरचुरत होते.  भीतीने नाही, संतापाने ते मोठ्याने म्हणाले, "घे बाबा! घे तुझं पोर्ट!"

आणि फाइलमध्ये लिहिलं, हे पोर्ट उघडं ठेवा.

चालवलं.

बदल, शून्य.

आनंद व्हायला हवा होता. पण सवय वाईट. पलीकडे कोण आहे ते स्विचला विचारता येतं, तो शेजाऱ्याचं नाव सांगतो. साडूंनी विचारलं.

शेजारी आहे. नाव...

नाव रिकामं.

साडू डबा तिथेच टाकून घरी आले.

सोमवारी मॅडमसमोर चालवलं. शून्य. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "काका, नोकरीची चिंता सोडा! आणि हे मी आता दर तासाला आपोआप चालायला लावलंय. फाइलमध्ये उघडं लिहिलेलं पोर्ट कोणी बंद केलं, तरी यंत्र परत उघडणार." मग वाकून म्हणाल्या, "पण या शेवटच्या पोर्टवर दिवा कसला? आपण काही जोडलंय का?"

साडूही वाकले. फायबरची केबल त्या पोर्टमधून निघून सुट्या लाद्यांच्या खाली गेली होती. तिच्या मागे मागे दोघे गेले. भिंतीपाशी साडूंनी रबरी कपाच्या हँडलने लादी उचलली.

केबल तिथेच संपत होती. कशातच खोचलेली नव्हती. आजूबाजूला बांधकामाची धूळ, बोटभर. धुळीवर एकही ठसा नाही.

रॅकवरचा दिवा हिरवाच.

साडू गुडघ्यावर बसले. टोक हातात घेतलं. टोपण काढलेलं. केबल जोडण्याआधी आपण टोक स्पिरिटने पुसतो ना, तसं पुसलेलं, लख्ख. स्पिरिट दोन श्वासांत उडून जातं.

सरांनी अंगठा बोटावर घासला. 

"ओलं होतं," ते म्हणाले.