सालहीनच्या वहाणा

शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

मे १९४२. इजिप्तमधल्या मातरूहजवळचं आमचं वाळवंट. ऐन दुपार.

माझे आजोबा मिफ्ताह इंग्रजांसाठी माग काढायचे. वाळूतला ठसा बघून माणूस ओळखायचे.

इंग्रजांच्या रणगाड्यांची खबर जर्मनांना पोचत होती. फितूर कोण, कळेना. शेवटी विहिरीजवळ वाळूत पुरलेलं बिनतारी यंत्र सापडलं. भोवती वहाणांचे ठसे...

उजव्या टाचेला ठिगळ.

आजोबा वाकले. म्हणाले, "सालहीन."

सालहीन म्हणजे माझ्या आजीचा सख्खा भाऊ.

त्याला धरून आणलं तेव्हा तो अनवाणी होता. "अहो दाजी, परवापासून माझ्या वहाणा गायब आहेत! तुम्हीच नाही का हसलात, उंटानं खाल्ल्या काय म्हणून?"

आजोबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ठसा खोटं बोलत नाही," एवढंच साहेबाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सालहीनला गोळी घातली.

आजी म्हणाली, "तुम्ही वहाण वाचलीत. चाल का नाही वाचलीत हो?"



चाळिसाव्या दिवशी दुपारच्या चहाचा तिसरा पेला ओतताना बाहेर वाळू करकरली...

कुणीच नव्हतं.

फक्त अनवाणी पावलं. तंबूकडं येणारी. परत जाणारं एकही नाही.

मग रोजच. आजोबा मरेपर्यंत खजुरीच्या झावळीनं ती पुसायचे. "वारा आहे," म्हणायचे.

वारा नसायचा.

त्यांची पेटी माझ्याकडं आली. वर्षानुवर्षं तशीच होती. गेल्या महिन्यात कुलूप तोडलं. तळाशी वहाणा होत्या...

उजव्या टाचेला ठिगळ.

पाणी घरातच मुरत होतं तर. फितूर आजोबाच.

सालहीनच्या नातवंडांना टोळी अजून फितुराची पोरं म्हणते. लग्नाला मुली देत नाही. खरं सांगितलं तर त्यांची मान वर होईल, आमची कायमची खाली जाईल. मला धीर झाला नाही.

वहाणा मी गुपचूप दारात ठेवल्या. "घ्या मामाआजोबा, तुमच्या तुम्हाला."

दुपारी वाळू करकरली...

वहाणा जागच्या जागी होत्या. पावलं त्यांच्यापाशी थांबली होती. मग वळसा घालून आत आली होती. थेट माझ्या चटईपर्यंत.

त्याला वहाणा नकोच होत्या.

आता तो रोज येतो. मी रोज झावळी फिरवतो. काल बायकोनं विचारलं, "काय पुसताय एवढं?"

मी म्हणालो, "काही नाही. वारा आहे."