गढूळ तळं आणि नंदूकाकांची वाटी

"कुश, बूट नंतर घाल! आधी हे बघ!"

केया रस्त्याच्या कडेला ओणवी झाली होती. तिचा धाकटा भाऊ एका पायात बूट घालून लंगडी घालतच आला. सुट्टीला नेपरव्हिल शहरातून साउथ डकोटाच्या या गवताळ माळावर आल्यापासून केयाला चैन म्हणून नव्हतं.

रस्त्याच्या एका अंगाला मोठं सरोवर, दुसऱ्या अंगाला छोटं तळं आणि रस्त्याखालून दोघांना जोडणारा पाइप. या सरोवराला ना नदी येऊन मिळते, ना त्यातून निघते. पावसानं आणि बर्फानं ते भरतं, उन्हावाऱ्यानं आटतं.

"तळंच का चहासारखं झालंय?" केयानं विचारलं.

"वारा, यार! चिखल वर येतो."

"मग पलीकडचा लेक का क्लिअर आहे? वारा काय रस्ता क्रॉस करत नाही?"

कुश तळ्यावर वाकला. तळ्यात उपटलेलं पाणगवत तरंगत होतं. इतक्यात गढूळ पाण्यात काहीतरी नारिंगी चमकलं.

"गोल्डफिश! ओ माय गॉड, केवढा मोठा!" कुश ओरडला.

"हेच चिखल उकरतायत! इथे कोणी सोडले?"

पश्चिमेला आभाळ काळं होत होतं. पाइपाचं तोंड पाण्याच्या जेमतेम वर होतं. पाऊस झाला की तळं चढणार आणि मासे सरोवरात! तिथे लाल डोळ्यांचे ग्रीब पक्षी पिल्लांना पाठीवर घेऊन पोहत होते. स्वच्छ पाण्यात बघून मासे पकडणारे ते पक्षी! सरोवर गढूळ झालं तर पिल्लं काय खाणार?

"काठावर कणकेच्या गोळ्या पडल्यात," कुश म्हणाला. "आणि रोज सकाळी वाटी-चमचा घेऊन वॉकला कोण जातं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नंदूकाका! बाबांचे मोठे भाऊ. काका-काकू महिनाभर आधीच इथे राहायला आले होते.

"विचारलं तर उडवून लावतील," केया म्हणाली. "पळ, वाटी आण!"

कुशनं तळ्याकाठी उभं राहून वाटी बडवायला सुरुवात केली. तोच सुट्टीसाठी घेतलेल्या घराच्या व्हरांड्यातून काका धावत सुटले.

"अरे, आत्ता नको! त्यांचं खाऊन झालंय!"

"कुणाचं, काका?" केयानं गोड आवाजात विचारलं.

काकांनी जीभ चावली.

"तुमच्या शुभाकाकूला ट्रेडमिलला जागा हवी होती, म्हणून घरचा माशांचा टँक काढला. यांना मारायला जीव होईना. एवढं पाणी बघून वाटलं, सुखानं राहतील."

"ते राहतील, काका! बाकीच्यांचं काय?" केया ओरडलीच. तिनं पाइपाकडे बोट दाखवलं. काकांचा चेहरा उतरला.

"पिकनिकचा कूलर आणा!" ते म्हणाले. "आणि बॅडमिंटनचं नेट!"

कुशच्या वाटी बडवण्यानं एकही मासा आला नव्हता. काकांनी मात्र ठरलेल्या ठेक्यात चमचा वाजवला आणि नारिंगी तोंडं वर आली! केयानं खालून नेट उचललं. पाण्यानं भरलेल्या कूलरमध्ये एकेक मासा पडू लागला.

"शेवंती राहिली!" काका कळवळून म्हणाले. "सगळ्यांत मोठी ती!"

आणि पाऊस कोसळला! थेंबांच्या माऱ्यात वाटी ऐकू येईना. पाणी पाइपाच्या तोंडाशी आलं. काका तसेच गुडघाभर पाण्यात उतरले आणि वाटी पाण्याखाली धरून वाजवू लागले.

"ये गं बाई, ये!"

पाइपाजवळ पाणी हललं. शेवंती थेट काकांच्या पायाशी आली.

"पकडली!" कुशनं नेट आवळलं.

पाऊस ओसरल्यावर रस्ता पाहायला तिथल्या पशुपक्ष्यांवर देखरेख ठेवणाऱ्या रेंजरबाईंचा ट्रक आला. सगळी हकिगत ऐकून त्यांनी आधी काकांवर डोळे वटारले, मग मुलांशी हात मिळवले.

"ग्रेट वर्क, किड्स! या लेकला बाहेर जायला वाट नाही. आत गेलेलं आतच राहतं."

शुभाकाकूंनी भिजलेल्या मुलांना टॉवेलात गुंडाळलं. "शाबास रे! आणि अहो, ट्रेडमिल जाईल गराजमध्ये. यांना घरी न्या."

काकांनी कूलरमध्ये डोकावून पाहिलं, डोळे पुसले आणि वाटी कुशच्या हातात दिली.

"मी सोडून मोकळा झालो होतो रे," ते म्हणाले. "चल, तुला ठेका शिकवतो."

सरोवराचं पाणी अजून स्वच्छ होतं. पिल्लाला पाठीवर घेतलेल्या ग्रीबशेजारी दुसऱ्यानं मान वाकवली, सूर मारला आणि तो चोचीत मासा घेऊन वर आला.