मावशीची हिरवी रेघ

“पाच वाजता पोलीस येतील. तोवर काय दिवे लावायचे ते लावा,” मालक म्हणाले. बसा, असंही म्हणाले नाहीत. “तुम्हाला माझ्या मुलीनं बोलावलंय, मी नाही.”

मामांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला कारखान्यातलं काय कळणार? पण खासगी तपासाची कामं करणाऱ्या भाचीनं “चला” म्हटलं की मामा पायात चपला सरकवत. घरी बसून तरी कुठे मोठा पराक्रम चालला होता!

“काय झालं ते सांगा,” भाची न बोलावताच खुर्चीत बसली.

मालकांनी दातओठ खात सांगितलं. दहा वर्षांपूर्वी एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वायर जोडायचे कनेक्टर बनवायला घेतले. आज चार शेड आणि तीनशे माणसं. दशकपूर्तीच्या कार्यक्रमात बड्या गिऱ्हाइकासमोर नव्या कनेक्टरांनी जोडलेला विजेचा फलक सुरू करायचा होता. खटका ओढण्याचा मान मावशीचा. मावशी म्हणजे पहिल्या दिवसापासून जुळणी करणारी बाई. आज तिला उत्पादनाची प्रमुख म्हणून जाहीर करणार होते. आत्ताचा प्रमुख मालकांचा धाकटा भाऊ होता. त्याला दूरच्या नव्या शेडवर धाडायचं ठरलं होतं.

“ऐन वेळी मावशीनं माझ्या मुलीला पुढे केलं. अर्ध्या मिनिटात खटक्याशेजारचा कनेक्टर पेटला. पोरगी बंद करायला धावली आणि तळहात भाजून बसली. त्या कनेक्टरचा स्क्रू सैल होता आणि त्यावर मावशीची खुणेची हिरवी रेघ होती. तीनशे माणसांसमोर तिला हरामखोर म्हणालो मी. गिऱ्हाईक तोंड फिरवून गेलं. मग मी पोलिसांना कळवलं.”

“सकाळी तुम्ही कुठे होतात?”

“दहापासून पाहुण्यांजवळ. त्यांनाच विचारा!”

भाचीनं खिशातून एक सुटा कनेक्टर काढला. “जरा हा स्क्रू आवळून देता?”

मालकांनी स्क्रू आवळला आणि कनेक्टर परत केला. शेजारी ठेवलेल्या रंगाच्या पेनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. “मी माल वाहिला, गिऱ्हाइकं आणली. हे काम तेव्हा मावशी आणि धाकटा करायचे.”

बाहेरच्या दालनात काचेच्या पेटीत कारखान्याचा पहिला कनेक्टर मांडला होता. मामांना त्याच्या स्क्रूवरची रेघ आवडली. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका दमात ओढलेली. “हात सरळ आहे हो,” ते म्हणाले. भाची पेटीसमोर बराच वेळ थांबली.

जळका फलक शेडमध्ये होता. साठ कनेक्टर आणि प्रत्येक स्क्रूवर हिरवी खूण. जळलेल्याचं प्लास्टिक वितळलं होतं, तरी स्क्रूच्या दोन्ही बाजूंना करपलेला हिरवा रंग चिकटून होता.

कारखान्यातला माल तपासणारा तपासनीस पोरसवदा आणि फटकळ होता. “आवळलं की रेघ मारायची. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा, मावशींचा हिरवा. अकरा वाजता मी स्वतः तपासलं, सगळं घट्ट होतं. मग चहाला सगळे बाहेर गेले, शेड रिकामी. मला कशाला गोवताय? तीन वर्षांपूर्वी आलो तेव्हा रेघेचा नियमसुद्धा मीच सुधारला. कौतुक मात्र मावशीचं!”

त्यानं भाचीचा स्क्रू आवळला आणि मधोमधून एका कडेपर्यंत छोटी रेघ मारली.

मावशी आपल्या टेबलाशी पाठ करून बसली होती. पेन टेबलाला शेजारच्या फलकापर्यंत पुरेल अशा लांब दोरीनं बांधलेला होता. “आता तुम्ही पण विचारा, बाई, मी का केलं म्हणून.”

“खटका स्वतः का नाही ओढलात?”

“त्या पोरीला मी या टेबलाखाली निजवून कामं केलीत. म्हटलं, तुझ्या बापाचा कारखाना, तूच ओढ.” बोलता बोलता समोर ठेवलेला स्क्रू तिनं आवळला आणि एका बाजूला हिरवी रेघ मारली. न बघता.

धाकटा भाऊ काचेच्या केबिनमध्ये होता. “सहा वर्षं झाली वर बसतोय. खालचं मला काय ठाऊक? म्हाताऱ्या बाईला डोक्यावर बसवलं की असंच होणार.” आवळायला दिलेला स्क्रू त्यानं झटक्यात आवळला, एका दमात लांब रेघ ओढली आणि पेन फेकला. “झाली परीक्षा? निघा आता.”

पावणेपाचला भाचीनं चौघांना मालकांच्या खोलीत जमवलं. दारात मालकांची मुलगीही होती, हाताला पांढरं बँडेज.

“मामा, या तीन रेघा पाहा. चित्रकलेच्या मास्तरांना काय दिसतं?”

मामांनी चष्मा पुसला. “दोन अर्ध्या. एक आरपार. पेटीतल्या पहिल्या कनेक्टरसारखी.”

“आणि फलकावर?”

“एकोणसाठ अर्ध्या.” मामांनी चष्मा सरळ केला. “जळका तेवढा आरपार.”

“आरपार रेघेत एक खोट आहे,” भाची म्हणाली. “स्क्रू बरोबर अर्धा फेरा सैल झाला तरी ती जुळलेलीच दिसते. म्हणून तीन वर्षांपूर्वी नियम बदलला. बरोबर ना?”

तपासनिसानं मान हलवली.

“अकरानंतर कुणीतरी स्क्रू सैल केला. जुनी रेघ तुटली, म्हणून ती पुसून मावशीच्या पेनानं नवी मारली. तपासनिसाला मावशीला अडकवायचं असतं, तर त्यानं तिच्यासारखी अर्धीच मारली असती. मावशी रोज पाचशे अर्ध्या मारते, तिचा हात केव्हाच बदललाय. मालक पाहुण्यांत होते आणि त्यांना रेघेची सवयच नाही. आरपार रेघ आता फक्त त्याच हाताला येते, ज्यानं सुरुवातीला स्क्रू आवळले आणि नियम बदलायच्या आधी जो वर जाऊन बसला.”

सगळे धाकट्याकडे बघत होते.

“एका रेघेवरून?” तो ओरडला. “माझी जागा त्या बाईला द्यायची आणि वर मलाच—”

“काका,” मुलगी हळूच म्हणाली, “तुम्ही तर समोरच उभे होतात. मला थांबवलं का नाही?”

“अगं, खटका तू ओढणार नव्हतीस! ती ओढणार होती!” तो बोलून गेला. मग भिंतीला टेकून खाली बसला.

खालून पोलिसांच्या गाडीचा आवाज आला. मालकांना भावाकडे बघवेना. ते मावशीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. “चुकलो मी. उद्यापासून प्रमुखाची खुर्ची—”

“खुर्चीचं नंतर बघू,” मावशी उठली. “सकाळी शिवी दिलीत ती तीनशे माणसांनी ऐकली, साहेब. हात जोडलेले कुणी बघितले? आम्ही सहा जण.”

मालक मान खाली घालून जिना उतरले आणि त्यांनी सकाळचा माईक परत लावायला सांगितला.